नकाशातील निळा भाग



मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा भारताचा प्राकृतिक नकाशा भिंतीवर टांगला आणि विचारले, "मुंबईच्या पश्चिमेला काय आहे?" सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, "अरबी समुद्र!" "त्या समुद्रात काय दिसते?" यावर मात्र सगळे गप्प. शेवटी मागच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, "सर, तिथं नुसता निळा रंग आहे."

वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. घरी नकाशा उघडून शेजारी बसणारेही कोणी नाही. मग मुले उत्तरे पाठ करतात आणि नकाशाच्या प्रश्नाचे हातचे गुण जातात. म्हणून हा लेख.

त्या मुलीचे उत्तर अर्धे बरोबर होते. रंग निळाच आहे, पण एकसारखा नाही. किनाऱ्यालगत फिकट आणि पुढे गडद होत जातो. हा पाण्याचा रंग नव्हे, ती खोलीची खूण आहे. कोणती छटा किती मीटर खोली दाखवते, हे नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीत दिलेले असते. सूची न पाहता नकाशा वाचणे म्हणजे पाटी न वाचता एस.टी.त चढणे.

किनाऱ्यालगतचा फिकट पट्टा म्हणजे भूखंडमंच, अर्थात समुद्रबूड जमीन. तिची खोली साधारणपणे २०० मीटरपर्यंत असते. पुढे खंडान्त उतार लागतो आणि तळ एकदम खाली जातो. त्याच्या पायथ्याशी हजारो मीटर खोलीवर सागरी मैदाने पसरलेली आहेत. सर्वांत खोल असतात त्या सागरी गर्ता. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्ता सुमारे ११,००० मीटर खोल आहे.

आपल्या जगण्याशी जवळचा संबंध आहे तो फिकट पट्ट्याचा. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश पोहोचतो, नद्या क्षार व गाळ आणून टाकतात, त्यावर प्लवक वाढते आणि प्लवकावर मासळी पोसते. बाजारातले बोंबील या उथळ पाण्यातलेच. मुंबई हाय हे १९७४ साली सापडलेले तेलक्षेत्रही याच मंचावर आहे. ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर असले तरी तेथे पाणी साधारण ७५ मीटरच खोल आहे. आपल्याकडचा मंच किती रुंद आहे, हे यावरून समजते.

समान खोलीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा या जमिनीवरील समोच्च रेषांच्या बहिणीच म्हणा. दोन्हींना नियम एकच: रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, लांब लांब असतील तर मंद. फरक एवढाच की जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर सागरी नकाशातील खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासून. जहाजाला कमीत कमी किती पाणी मिळेल, हे आधी कळायला हवे ना! (गंमत अशी की भारताचे सागरी नकाशे तयार करणारे कार्यालय समुद्रापासून दूर, डेहराडूनला आहे.)

आता प्रमाण. १ : ५०,००,००० या अंकप्रमाणाच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. म्हणजे मुंबई ते मुंबई हाय हे अंतर कागदावर ३.२ सेंटिमीटर भरेल. येथे मुले हमखास फसतात ती झेरॉक्समुळे. नकाशा मोठा करून घेतला की छापलेले अंकप्रमाण खोटे ठरते. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच वाढते, म्हणून झेरॉक्सवर मोजायचे तर रेषाप्रमाणानेच मोजा.

पट्टी सापडली नाही तरी अडू नका. अक्षवृत्तांच्या १ अंशाचे अंतर जवळजवळ १११ किलोमीटर असते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ आहे आणि कन्याकुमारी ८ अंशांजवळ. दक्षिणोत्तर अंतर किती, ते पुढच्या रविवारी वहीत लिहून आणा. दोरा आणि पेन्सिल आम्ही ठेवतो.