कारभारीण आणि कारभार

मराठीतला ‘ईण’ हा प्रत्यय मोठा मिस्कील आहे. हुद्द्याच्या नावाला तो लागला, की पाटलाची बायको ती पाटलीण, कुलकर्ण्याची ती कुलकर्णीण आणि कारभाऱ्याची ती कारभारीण! मान आहे, मुजरा आहे; पण पद नवऱ्याचे. वर्गात हा प्रत्यय शिकविताना माझ्या मनात येते, की आपल्या मोठमोठ्या कंपन्यांचे व्याकरणही काही फारसे निराळे नाही.

कंपनीच्या शिखरावर बाई दिसली, की ती बहुधा घरच्या वाटेने आलेली असे. सुमती मोरारजी सिंदिया जहाज कंपनीत आल्या त्या मोरारजी घराण्याच्या सून म्हणून. पुण्याच्या थरमॅक्सची सूत्रे अनू आगा यांनी 1996 साली हाती घेतली ती पतीच्या निधनानंतर. वाट घरची असली, तरी चालणे त्यांचे स्वतःचे होते. घसरणीला लागलेली थरमॅक्स आगाबाईंनी पुन्हा मार्गी लावली, हे विसरून चालणार नाही.

पण जिच्यामागे असे घराणे नाही, तिचे काय? लीला पूनावाला 1967 साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनियर झाल्या आणि पुढे अल्फा लाव्हल कंपनीच्या भारतातील प्रमुख झाल्या. अरुंधती भट्टाचार्य 1977 साली स्टेट बँकेत प्रोबेशनरी अधिकारी म्हणून लागल्या आणि 2013 साली अध्यक्ष झाल्या. दोनशे वर्षांहून जुन्या त्या बँकेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष! अशी नावे आपल्याला बोटांवर मोजता येतात, हेच दुखणे आहे.

2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री हवीच, असे ठरविले. पण आपली माणसे कायद्याहून चतुर! अनेक मालकांनी पत्नीला, मुलीला नाही तर सुनेलाच खुर्चीवर बसविले. पुन्हा ‘ईण’ प्रत्यय! म्हणून सेबीने 1 एप्रिल 2019 पासून पहिल्या 500 आणि वर्षभराने पहिल्या 1000 कंपन्यांना, मालकाच्या गोतावळ्याबाहेरची स्वतंत्र स्त्री संचालक नेमणे भाग पाडले.

तथापि संचालक मंडळाची खुर्ची म्हणजे रोजचा कारभार नव्हे. कारभाराची शिडी तुटते ती मधल्या पायऱ्यांवर. बढतीबरोबर बदली येते, आणि ती येते नेमकी मुले लहान असताना किंवा सासूसासरे थकले असताना. पुरुषाची बदली झाली, की बिऱ्हाड मुकाट्याने मागे जाते. बाईची झाली, की घरात सभा भरते. 2017 साली प्रसूतीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली, हे उत्तमच झाले. पण त्या रजेचा पगार बहुधा मालकाच्याच तिजोरीतून जातो, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला तशी रजा सरसकट नाही. मग नेमणूक करणाऱ्याच्या मनात हिशेब सुरू होतो आणि “लग्नाचे काय ठरविले आहे?” हा प्रश्न मुलाखतीत फक्त मुलीच्याच वाट्याला येतो. स्टेट बँकेने भट्टाचार्यबाईंच्या कारकीर्दीत मुलांच्या वा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी स्त्रियांना दोन वर्षांपर्यंत रजेची सोय केली. नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नाही, अशा वेळी ती केवढा आधार!

उरते ती घरातली सभा. यंदा फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या एखाद्या सुनेला बढतीवर नागपूरला जावयाचे असेल, तर “मुलांचे कसे होणार?” हे तिला विचारण्याआधी मुलाला विचारून पाहावे. त्याच्यापाशी उत्तर असेलही. आजवर त्याला कोणी विचारलेच नाही, इतकेच.