बॅटरीला ‘ज्यूस’ का म्हणतात? शब्दाचा अर्थ आणि एक धोका

एकदा मित्राचा इंग्रजीत मेसेज आला, ‘फोन आउट ऑफ ज्यूस’. मला वाटलं, फोनवर ज्यूस सांडला. मी घाईने लिहिलं, ‘आधी फोन बंद कर, पुसून घे!’ खरं तर त्याची फक्त बॅटरी संपत आली होती.

बोलीभाषेतल्या इंग्रजीत ‘ज्यूस’ म्हणजे वीज, चार्जिंग, ताकद. गाडीतल्या पेट्रोललाही ज्यूस म्हणतात.

हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे सार किंवा कढण. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि फळांच्या रसाला चिकटला. गंमत म्हणजे आयुर्वेदातलं मुगाचं ‘यूष’ माहीत आहे ना? तो संस्कृत शब्दही याच कुळातला! पुढे 19व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विजेलाही ज्यूस म्हणू लागले. फळाचं सत्त्व रसात, तसं यंत्राचं सत्त्व विजेत. आपणही म्हणतोच की, ‘बॅटरीत दम नाही’.

आता कामाची गोष्ट. ‘ज्यूस जॅकिंग’ हा शब्द ऐकलाय? 2011 मध्ये अमेरिकेत डेफकॉन या हॅकर्सच्या संमेलनात लोकांना सावध करायला एक चार्जिंग स्टँड ठेवला होता. फोन जोडला की स्क्रीनवर इशारा यायचा. त्याच वेळी पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या लेखातून हा शब्द पसरला. म्हणजे ज्यूस घ्यायला जावं आणि फोनमधला डेटा चोरीला जावा!

हे शक्य होतं, कारण यूएसबी केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात. आजचे फोन डेटा देण्याआधी सहसा परवानगी मागतात. पण घाईत आपण न वाचताच ‘अलाउ’ दाबतो, तिथेच घोळ होतो.

म्हणून स्टँडवर, स्टेशनवर चार्जिंग करताना एवढं करा:

1. स्वतःचा चार्जर थेट विजेच्या प्लगमध्ये लावा, किंवा पॉवर बँक ठेवा.
2. यूएसबी पोर्टच वापरावा लागला, तर फोन लॉक ठेवा.
3. ‘ट्रस्ट’ किंवा ‘फाइल ट्रान्सफर’ विचारलं, तर नाही म्हणा. फक्त चार्जिंगचा पर्याय निवडा.

मी तर आता बॅगेत चार्जर ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आईबाबांच्या फोनवर असा मेसेज आला तर काय दाबायचं, तेही आजच त्यांना दाखवून ठेवा.