माणूस वर की गाडी?

मुंबईहून रेल्वेने निघून कणकवलीला उतरणारा देवगडचा चाकरमानी दोन उलट्या तऱ्हेचे पूल बघत गावी पोचतो. बांद्रा, घाटकोपर, कल्याण या स्टेशनांबाहेर माणसांना वर चढवून खालचा रस्ता गाड्यांना मोकळा केलाय. कणकवलीत मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात गाड्याच पुलावर गेल्या आणि बाजारातली माणसं जमिनीवर राहिली. जुनी शहरं नव्याने बांधताना वर कोणी चढायचं, हा वाद या दोन पुलांत उभाच्या उभा दिसतो.

मुंबईतला पहिला मोठा स्कायवॉक एमएमआरडीएने जून २००८मध्ये बांद्रा पूर्वेला खुला केला. स्टेशनपासून कलानगरपर्यंत, साधारण सव्वा किलोमीटर. फेरीवाले, रिक्षांच्या रांगा आणि पावसाळ्यातला चिखल चुकवून ऑफिसात पोचण्याची ती सोय होती. त्यानंतरच्या काही वर्षांत महामुंबईत असे तीसहून अधिक स्कायवॉक उभे राहिले. बांद्र्याचा हा पहिला स्कायवॉक मात्र २०१९मध्येच धोकादायक ठरून बंद झाला आणि पुढे पाडावा लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून माणसं मेली होती आणि शहरातल्या पुलांची नव्याने तपासणी सुरू झाली होती. अकरा वर्षांत मोडीत निघणारा पूल म्हणजे खर्चाचा हिशेबच चुकला. तो पाडल्यावर लोक पुन्हा रिक्षांच्या गर्दीत आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नव्या स्कायवॉकचं काम हाती घ्यावं लागलं. म्हणजे गरज खोटी नव्हती.

मग बाकीचे कित्येक स्कायवॉक दुपारी ओस का पडतात? उत्तर जिन्यात आहे. खालून बस-ट्रक जायचे तर साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. पायरी पंधरा सेंटिमीटरची धरली तरी चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. हातात भाजीची पिशवी, सोबत गुडघेदुखीची आई असेल तर माणूस सरळ रस्ता ओलांडतो. सुरुवातीला बहुतेक स्कायवॉकना लिफ्टही नव्हती. चढाचं कोकणी माणसाला भय नाही. देवगड तालुक्यातल्या वाड्यांमध्ये म्हाताऱ्या बायासुद्धा जांभ्याची पाखाडी चढून रस्त्याला येतात. पण पाखाडी अंतर तोडते. स्कायवॉक वर नेऊन पुन्हा खालीच आणून सोडतो, तोही बरेचदा ऑफिस किंवा घर सोडून भलत्याच कोपऱ्यावर. वर्दळ आटली की वर गर्दुल्ले बसतात, आणि संध्याकाळी एकट्या बाईला तिथून जाणं नको होतं.

जिना अरुंद असला तर काय होतं, ते मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनने २९ सप्टेंबर २०१७ रोजी दाखवलं. भर पावसात रेल्वेच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला.

परदेशात हा खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये १९६२पासून इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल बांधले गेले, कारण तिथल्या हिवाळ्यात रस्त्यावर चालणं नकोसं होतं. तिथे माणूस एका इमारतीच्या दुसऱ्या पातळीवरून समोरच्या इमारतीत जातो, खाली उतरतच नाही. हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागातही ऑफिसं, दुकानं आणि फेरीबोटीचे धक्के असेच वरच्या वर जोडलेले आहेत. तिथेच डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी १९९३मध्ये सरकत्या जिन्यांची सुमारे ८०० मीटरची माळ बसवली. याउलट लंडनने साठच्या दशकात शहरभर उंच पादचारी मार्गांचा बेत आखला, पण तो अर्ध्यावरच सोडला. बार्बिकनच्या आसपास त्याचे तुकडे उरलेत. सिनसिनाटीने तर बांधलेल्या पुलांपैकी बरेच पाडले, कारण वर माणसं गेली की खालच्या दुकानांचं गिऱ्हाईक जातं.

मुंबईत हे गणित आता मेट्रोने बदललंय. उन्नत मेट्रोचा प्रवासी मुळातच वर असतो. अंधेरीत गुंदवली आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे ही दोन स्थानकं पुलाने जोडली आहेत. मेट्रो बदलायला रस्त्यावर उतरावं लागत नाही. ठाणे पश्चिमेला सॅटिस या स्टेशन परिसराच्या वाहतूक सुधारणा योजनेत बसच वर आणल्या, त्यामुळे रेल्वेच्या पुलावरून येणारा माणूस थेट बसपाशी पोचतो. स्कायवॉकला भविष्य असेल तर ते अशा जागी आहे. नुसता रस्ता ओलांडायला सिग्नल, रुंद फूटपाथ आणि फेरीवाल्यांना नेमून दिलेली जागा यांनी जास्त काम होतं, आणि स्वस्तात होतं.

फिरायला बांधलेल्या पुलांची गोष्ट वेगळी. मलबार हिलवरची ४८५ मीटरची लाकडी पायवाट २०२५मध्ये खुली झाली, त्याच वर्षी सिंधुदुर्गात वैभववाडीच्या नापणे धबधब्यावर काचेचा पूल आला. तिथे लोक हौसेने चढतात; कोणाला नऊ वाजता कामावर हजर व्हायचं नसतं.

देवगड-जामसंड्यात कोणी स्कायवॉक मागत नाही, आणि मागूही नये. पण मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, एसटी आणि किल्ल्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या एकाच बाजाररस्त्यावर आल्या की चालणारा गटाराच्या कडेला रेटला जातो. रस्तारुंदीकरणाचा आराखडा आला, की त्यात फूटपाथ किती फुटांचा दाखवलाय आणि त्यावर पार्किंग होणार नाही याची सोय काय, हे दोन प्रश्न नगरपंचायतीच्या सभेत आधी विचारायचे आहेत.