भुवया गोंदवण्याआधी

मी रायपूरहून बोलतेय, पंडरीतून. पंडरी म्हटलं की इथल्या माणसाला कापड बाजारच आठवतो. लग्नसराईत गावोगावची कुटुंबं इथे बस्ता बांधायला येतात आणि साड्यांच्या पिशव्या सांभाळत त्यातल्या काही जणी माझ्या पार्लरचा जिना चढतात. माझं माहेर नागपूरचं, सासर इथलं. पार्लर सुरू केलं तेव्हा दोऱ्याने भुवया कोरायच्या, एवढंच काम होतं. आता आठवड्यात दोन-तीन जणी तरी विचारतात, "दीदी, वो परमानेंट आयब्रो कितने में होता है?"

किती पैसे, हा प्रश्न शेवटचा. त्याच्या आधीचे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आजचा भाग.

मायक्रोब्लेडिंग, पावडर ब्रो, ओंब्रे ब्रो अशी नावं तुम्ही ऐकली असतील. मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनासारख्या दांडीला अगदी बारीक सुयांची एक ओळ बसवलेली असते. तिने केसासारख्या रेघा ओढतात आणि त्या चिरांमध्ये रंग भरतात. पावडर ब्रोमध्ये मशिनची सुई ठिपके मारत जाते, त्यामुळे पेन्सिल फिरवल्यासारखी छटा येते. पण नाव काहीही असो, हे गोंदणच आहे. आपल्या कातडीचा वरचा थर सारखा झडत असतो, महिना-दीड महिन्यात नवा येतो. रंग तिथेच राहिला तर तोही झडून जाईल. म्हणून तो त्याच्या किंचित खाली, दुसऱ्या थराच्या अगदी माथ्यावर सोडावा लागतो. शरीराला हे कण परके वाटतात. तिथल्या पेशी ते गिळतात आणि गिळून तिथेच बसतात. काही कण हळूहळू वाहून जातात, उन्हाने रंग विरतो, म्हणून साधारण एक ते तीन वर्षांत भुवई फिकी पडते. यालाच 'सेमी-परमनंट' म्हणतात. फिकी पडते म्हटलं. पुसली जाते असं नाही म्हटलं.

माझ्या सासूबाईंच्या कपाळावर आणि हातावर गोदना आहे. इकडे गोदना म्हणतात, आपण गोंदण. लहानपणी गावात आलेल्या देवार बाईने सुया टोचून केलेला. काजळीचा तो काळा रंग आता निळसर हिरवा दिसतो. काळा कण कातडीच्या जितका खाली, तितका तो वरून निळा दिसतो. त्या गोदन्याचं सासूबाईंना वाईट वाटत नाही. मेल्यावर सोबत येतो तो एवढाच दागिना, असं इकडच्या म्हाताऱ्या सांगतात. पण भुवई निळी झाली तर कोण मिरवणार? हात जड पडला, सुई खोल गेली, की हेच होतं. रेघाही पसरतात. तेलकट त्वचेवर बारीक रेघा तशाही लवकर मिसळून जातात. तशी त्वचा असेल तर ठिपक्यांची पद्धत बरी.

आता माझी गोष्ट. हे काम शिकायला मी एका मोठ्या शहरात गेले होते. दोन दिवसांचा वर्ग, आणि सरावासाठी एकमेकींच्या भुवया. दोन दिवसांत हे काम येत नाही, हे मला फी भरल्यावर कळलं. पहिल्या वर्षी माझ्या भुवया छान तपकिरी होत्या. दुसऱ्या वर्षी त्यात लाली उतरली आणि तिसऱ्या वर्षी विटकरी झाल्या. तपकिरी हा एक रंग नसतो, त्यात काळा, पिवळा, लाल असं मिश्रण असतं. सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचा लाल मागे रेंगाळतो.

"लेझरने काढून टाकू की," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. त्वचारोगतज्ज्ञांनी भुवईच्या टोकाला, केसाखाली झाकेल अशा जागी, आधी एक ठिपका मारून पाहिला. तो विटकरी ठिपका बघता बघता काळा झाला! लोहाचे ऑक्साइड किंवा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग लेझरने असा उलटू शकतो. म्हणून लेझर करायचंच असेल तर आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यायला सांगा. मी माझ्यापुरता तो नाद सोडला. रोज सकाळी पेन्सिल फिरवते. जी पेन्सिल सुटावी म्हणून हे केलं होतं, तीच.

त्यामुळे कुठेही जा, पण ताजे फोटो पाहून भुलू नका. ताजी भुवई सगळ्यांचीच सुरेख दिसते. त्याच बाईचा दीड-दोन वर्षांनंतरचा फोटो मागा. नसेल तर जिना उतरा.

दुसरी गोष्ट दिवसांची. गेल्या मोसमात एक आई मुलीला घेऊन आली, पाच दिवसांवर हळद. मी नाही म्हटलं तर रागावली. पण पहिला आठवडा रंग फार गडद दिसतो, मग खपली धरते, ती तुकड्या-तुकड्यांनी पडते आणि खालचा रंग इतका फिका वाटतो की पैसे वाया गेले असं वाटतं. खरा रंग महिन्याभराने वर येतो. त्यानंतर, सहा ते आठ आठवड्यांनी, दुसरी बैठक. लग्नाआधी किमान तीन महिने हातात हवेत. आणि ते दहा दिवस ऊन, घाम, वाफ, मेकअप टाळायचे, खपली नखाने काढायची नाही. आमच्याकडे नवतपा लागला की मी ही कामं घेतच नाही.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर टाकली गेली पाहिजे. रंग छोट्या वाटीत काढलेला हवा, उरलेला परत बाटलीत जाता कामा नये. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे सुईतून जाणारे आजार आहेत, तिथे भिडस्तपणा नको. या कामानंतर रक्तदानाला गेलात तर तिथे सांगा, काही महिने थांबायला लावतात. एमआरआयच्या वेळीही सांगायचं, कारण रंगात लोह असतं. बहुतेकींना काही होत नाही, क्वचित तिथे गरम लागतं.

काही जणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये. जखमेचा व्रण गाठीसारखा फुगण्याची सवय असेल, कोड किंवा सोरायसिस असेल (सुईच्या जखमेवर नेमका तोच आजार उमटू शकतो), साखर ताब्यात नसेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या अलीकडे घेतल्या असतील. गरोदर असाल तर पुढे ढकला. केमोथेरपी चालू असताना तर नाहीच; तेव्हा शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी असते. भुवया जाणार म्हणून आधीच करून घ्यायच्या असतील तर केमो सुरू होण्यापूर्वी पुरेसा वेळ ठेवून, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीने.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे. भुवया गेल्या कशाने? वर्षानुवर्षं उपटून विरळ झाल्या असतील तर ठीक. मात्र कानाकडचा भाग आपोआप उडत असेल तर थायरॉइड तपासायला हवं. गोल चकंदळ पडलं असेल तर ती चाई असू शकते. आणि तिसरं कारण बोलायला लोक कचरतात.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आली, चाळिशीची, नीटनेटकी. दोन्ही भुवयांची टोकं गेलेली. "भरून द्या," म्हणाली. रेघा आखताना तिच्या दंडावर फिकट चट्टा दिसला. मी सहज विचारलं, इथे खाजतं का? म्हणाली, "खाजत नाही. काही कळतच नाही तिथे." मी पेन्सिल खाली ठेवली. निदान करणं माझं काम नव्हे. पण कुष्ठरोगाचं प्रमाण जिथे जास्त आहे अशा राज्यांत छत्तीसगड वरचं आहे, आणि चट्ट्यातली संवेदना जाणं, भुवया झडणं ही त्याची लक्षणं आहेत. आपल्या मराठी माणसांनी इथे याच कामात आयुष्य घातलं. सदाशिव कात्रे यांनी 1962 मध्ये चांप्याजवळ आश्रम उभा केला. दामोदर गणेश बापट यांनी तो पुढे चालवला, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या आजोबांकडून ही नावं ऐकली होती, नाहीतर त्या चट्ट्याकडे माझं लक्ष गेलं नसतं.

मी तिला आजाराचं नाव सांगितलं नाही. "ताई, आधी हा डाग दाखवून या, मग भुवया," एवढंच म्हटलं. जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे, मी सोबत गेले. तपासणीत तेच निघालं. सरकारी दवाखान्यात याची औषधं फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो माणूस दुसऱ्याला लागण देत नाही. त्या दिवशी मी भुवया भरून दिल्या असत्या तर एक खूण झाकली गेली असती, आणि हातापायांच्या नसांचं नुकसान चालूच राहिलं असतं.

ती वर्षाने परत आली. चट्टा विझत आलेला, भुवयांची टोकं मात्र उगवली नव्हती. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणली होती. मी हलक्या हाताने, ठिपक्यांच्या पद्धतीने टोकं भरली. सहा आठवड्यांनी दुसऱ्या बैठकीला ती थेट बाजारातून आली, दोन्ही हातांत पिशव्या, भाचीच्या लग्नाचा बस्ता. अंगावर कोणती साडी शोभेल ते आरशात बघून मलाच विचारत बसली.