कापलेला टप आणि घडीचा टप

लग्नसराईत हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांवर वरातीच्या ज्या ‘विंटेज’ गाड्या फिरतात, त्यांतल्या बहुतेक कोणत्याही परदेशी कारखान्यातून निघालेल्या नसतात. खाली जुन्या जीपची चासी, पुढे पत्र्याचे लांब नाक, बाजूला स्टेपनीचे गोल झाकण, वर दिव्यांच्या माळा. त्यात वावगे काहीच नाही. वरातीला शोभा हवी असते, गाडीची वंशावळ कोणी विचारत नाही. घोटाळा होतो तो तीच गाडी ‘दुर्मिळ अमेरिकन’ म्हणून विक्रीला निघाली की.

मागच्या वर्षी ओळखीतला एक तरुण माझ्याकडे आला. हळदीचे पैसे हाती आले होते. म्हणाला, “काका, 1969 ची मस्टँग कन्व्हर्टिबल आहे. दहा लाख म्हणतोय. वरातीवर तीन वर्षांत पैसे फिटतील. तुम्ही फक्त एकदा बघून सांगा.” मी इंजिनिअर नाही. हिशेब लिहिण्याची नोकरी करता करता पंचवीस वर्षे जुन्या मोटारींची माहितीपुस्तके आणि सुट्या भागांच्या याद्या जमवल्या, शब्दकोश शेजारी ठेवून वाचल्या आणि मेस्त्री लोकांच्या शेजारी बसून जे कळले नाही ते विचारले. माझे ज्ञान एवढेच. पण अशा गाडीची परीक्षा करायला त्याहून फार जास्त लागत नाही. काय बघायचे, हे मात्र ठाऊक हवे.

आधी ‘मसल कार’ म्हणजे काय ते पाहू. कल्पना सोपी आहे : मध्यम आकाराची, तरुणाला परवडेल अशी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे. 1964 ची पॉन्टियॅक जीटीओ ही या जातीची पहिली मानली जाते. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की, या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टियॅकच्या लोकांनी जीटीओ ही वेगळी गाडी न दाखवता आधीच्या गाडीवरची ‘जादा सोय’ म्हणून दाखवली आणि 389 घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचे इंजिन बसवले. आपल्या अँबेसेडरचे इंजिन त्या काळी दीड लिटरचेही पुरते नव्हते. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. काटेकोर माणसे मस्टँगला मसल कार म्हणत नाहीत, लहान अंगामुळे ‘पोनी’ म्हणतात. पण मोठ्या इंजिनाची मस्टँग त्या पंगतीत बसते, असे माझे मत आहे. ही धामधूम दहा वर्षेही टिकली नाही. विम्याचे हप्ते वाढले, 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि 1973 च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले.

या गाड्या आपल्याकडे इतक्या थोड्या का, याचे उत्तर तारखांत आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाजारात आणल्या. आपल्या भागातल्या वयस्कर माणसांना ‘डॉज’ हा शब्द माहीत असतो, तो त्यामुळे. पण 1953 च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारचे धोरण ठरले की, इथेच गाडी घडवण्याची तयारी असेल त्यानेच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. म्हणजे मसल कार जन्मली तेव्हा तिच्यासाठी आपला दरवाजा बंद होऊन दहा वर्षे झाली होती. मस्टँग कन्व्हर्टिबलची सुरुवातीची किंमत 2,614 डॉलर होती. 4.76 रुपयांच्या तेव्हाच्या दराने ते साडेबारा हजारांच्या आतच बसतात. अडचण रुपयांची नव्हती, डॉलर मिळण्याची होती. तरीही ज्या गाड्या आल्या, त्या मुख्यतः वकिलातींच्या अधिकाऱ्यांनी आणल्या. ते बदलून गेले की गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई आणि मुंबईतल्या एखाद्या उद्योगपतीच्या किंवा नटाच्या दारात उभी राही. अशा गाडीला कागदांची साखळी असते. ज्या ‘अमेरिकन’ गाडीला अशी साखळीच नाही, तिच्याकडे पहिल्यापासून संशयाने बघावे.

आता टपाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. घडीचा टप असलेली गाडी म्हणजे टप नसलेली गाडी नव्हे. दिवाळीच्या मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून दोन्ही टोके पिळून पाहा, पिळत नाही. झाकण काढा, लगेच वाकडा होतो. मोटारीचा टप हे ते झाकण आहे. विशेषतः मस्टँगसारख्या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणून कारखान्यात कन्व्हर्टिबल बनवताना दाराखालची पेटी आतून जाड पत्र्याची करतात, तळाला जादा आडवे पट्टे देतात, मागच्या सीटमागे छत घडी होऊन बसायला खोलगट जागा ठेवतात. काचेची चौकट वेगळी असते, मागच्या छोट्या काचाही खाली उतरतात. एवढे सगळे केल्यामुळे उघडी गाडी बंद गाडीपेक्षा वजनाने भरते. टप कापणारा मेस्त्री यातले काही करत नाही. तो फक्त करवत चालवतो.

गाडी नांदेड रस्त्यावरच्या एका शेडमध्ये होती. लाल रंग, बोनेटवर पांढरे पट्टे, जाळीत धावता घोडा. लांबून कोणीही फसावे अशीच. पण सुकाणू उजवीकडे होते. अमेरिकेतल्या कारखान्यातून उजव्या सुकाणूची मस्टँग 2015 च्या पिढीपर्यंत निघालीच नाही. इथे येऊन कोणी सुकाणू बदलून घेतले असेल, म्हणून तेवढ्यावर निकाल दिला नाही. दारे पाहिली. पुढचे दार दोन दारांच्या गाडीला शोभेल इतके लांब नव्हते आणि त्याच्या मागे पत्र्यात उभी रेघ बोटाला लागत होती. खिशातला चुंबक लावला तर त्या रेघेवर चिकटेना. पत्र्यावर चुंबक बसतो, पुट्टीवर बसत नाही. म्हणजे मागचे दार वेल्ड करून, पुट्टी भरून बुजवलेले होते. मग मागे जॅक लावून एक बाजू उचलायला सांगितली. उचलल्यावर चालकाच्या बाजूचे दार लागेना. खोका पिळला होता.

डॅशबोर्डवर पितळी पट्टी होती, तिच्यावर सतरा अक्षरांचा नंबर कोरलेला. सगळ्यांनी सारखा सतरा अक्षरांचा नंबर द्यायची पद्धत अमेरिकेत 1981 च्या गाड्यांपासून आली. 1969 च्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा असायला हवा. पट्टी करणाऱ्याने मेहनत घेतली होती, वाचन केले नव्हते. शेवटी नोंदणीचा नंबर सरकारच्या वाहन पोर्टलवर टाकला. उत्पादक : हिंदुस्तान मोटर्स, गाडी : कॉन्टेसा.

कॉन्टेसाला मी हसत नाही. व्हॉक्सहॉलच्या जुन्या साच्यावर घडवलेली ही गाडी 1984 च्या सुमारास आली, 2002 पर्यंत चालली. तिचे चौकोनी नाक आणि रुंद खांदे पाहून आपल्या पोरांनी तिला ‘देशी मसल कार’ म्हटले, त्यात तथ्य आहे. धडधाकट कॉन्टेसा आता मिळत नाही. एक चांगली कॉन्टेसा कापून एक खोटी मस्टँग केली, याचे मला जास्त वाईट वाटले.

नंबर वाचता येणे हे या विषयातले अर्धे ज्ञान आहे. फोर्डच्या 1965 आणि 1966 च्या मस्टँगमध्ये पहिला अंक वर्षाचा, मग कारखान्याचे अक्षर, मग अंगाचे दोन आकडे : 07 म्हणजे पक्क्या टपाची, 09 म्हणजे उतरत्या पाठीची, 08 म्हणजे कन्व्हर्टिबल. 1967 पासून कन्व्हर्टिबलला 03 झाला. शेवरले त्या काळात कन्व्हर्टिबलला 67 लिही, क्रायस्लरच्या गाड्यांत 27. प्लिमथ कुडाच्या नंबरात BS27R असे चार खुणांचे अक्षर-आकडे आले, तर बॅराकुडा, खास दर्जाची, कन्व्हर्टिबल आणि 426 घनइंचांचे हेमी इंजिन, असा त्याचा सरळ अर्थ. 1971 साली अशा गाड्या डझनभरही निघाल्या नाहीत, म्हणून 2014 मध्ये त्यांतली एक सिअ‍ॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. पॉन्टियॅकची गंमत वेगळी. जीटीओ ‘जादा सोय’ असल्यामुळे 1964 आणि 1965 च्या नंबरात ती दिसतच नाही. तिथे कारखान्याची मूळ बिले पाहावी लागतात आणि ती आजही मिळतात.

दुर्मिळ हा शब्दही जपून वापरावा. 1965 च्या हंगामात 1,01,945 मस्टँग कन्व्हर्टिबल बनल्या. अमेरिकेत ती दुर्मिळ नाही, मराठवाड्यात आहे. याउलट 1964 ची उघडी जीटीओ 6,644 च निघाली, ती तिथेही सहज सापडत नाही. विकणारा कुठली दुर्मिळता विकतो आहे, हे विचारून घ्यावे.

तो तरुण खट्टू झाला आणि म्हणाला, “मग खरी कुठे मिळेल?” इथे कायद्याचा भाग येतो. पूर्वी 1950 च्या आधीचीच जुनी गाडी बाहेरून आणता येई. 2025 मध्ये नियम बदलला आणि पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली. म्हणजे सगळा मसल काळ आता आयातीच्या कक्षेत आला. करांची बेरीज मात्र गाडीच्या किमतीच्याही वर जाते. आल्यावर नोंदणी 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे : 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘VA’. अट अशी की चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. कापलेला टप इथेच बाद होतो. साध्या नोंदणीतही तो चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे आणि कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि याच नियमांत तरुणाच्या हिशेबावर पाणी पडणारी ओळ आहे : ‘VA’ पाटीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची, धंद्याला लावायची नाही. खोटी गाडी वरातीला चालवणे बेकायदा आणि खरी गाडी वरातीला भाड्याने देणेही बेकायदा. मला हा नियम योग्य वाटतो. पण तीन वर्षांत पैसे फिटवायला निघालेल्याला तो कसा वाटेल, हेही कळते.

ज्याला फेडीची घाई नाही आणि खरी गाडी हाती लागली आहे, त्याने डागडुजीत एक क्रम पाळावा. रंग शेवटी. आधी प्रत्येक भाग जागेवर असताना फोटो, मग खोलाई. कन्व्हर्टिबलमध्ये पाणी टपाच्या शिवणीतून आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून शिरते, गालिच्याखाली साचते आणि तळ खाते. मस्टँगचा तर हा जुनाच रोग आहे. आपल्या कोरड्या हवेत पत्रा मुंबईच्या मानाने टिकतो, पण उन्हाने रबर तडकते आणि मग एकच पावसाळा पुरतो. सडलेली दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करून सांगाडा जखडून घ्यायचा. हे विसरले तर उघडी गाडी मधोमध खचते आणि पुन्हा दारे बसत नाहीत. आपल्याकडच्या मेस्त्रीचा हात पत्रा ठोकण्यात कोणाहून कमी नाही, पण हा पाइप बांधण्याची सवय बंद गाड्यांवर काम करून लागत नाही. त्याला ते आधी सांगावे लागते.

नवे पत्रे किती घालायचे, हा प्रश्न मोठा आहे. 1965 च्या मस्टँग कन्व्हर्टिबलचा सबंध नवा सांगाडा अमेरिकेत फोर्डच्या परवान्याने मिळतो. त्यावर जुना नंबर लावला तर ती जुनी गाडी की नवी? माझ्या लेखी नंबर ज्या पत्र्यावर ठोकला आहे, तो पत्रा राहिला पाहिजे. मस्टँगमध्ये तो बोनेटखाली डाव्या चाकावरच्या पत्र्यावर असतो. इंजिनाचेही तसेच. पेट्रोल परवडेना म्हणून मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची आपल्याकडे रीतच होती. असे इंजिन आढळले तर मूळ इंजिन कुठे गेले, याचा शोध भंगारवाल्यापर्यंत घ्यावा.

इंजिन सुरू झाले की शेवटचा पेच इंधनाचा. ही इंजिने शिसे घातलेल्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवली होती. ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झीज होऊ देत नसे. आपल्या देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून ते बंद झाले, म्हणून हेड खोललेले असतानाच कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ऊस आपल्याच शेतातला असला, तरी साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला तो मानवत नाही. ते मऊ पडतात, फुगतात आणि गळती नेमकी तापलेल्या इंजिनावर होते. नळ्या, पडदा, कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि टाकी आतून गंजते.