घरपट्टी : मोजणी खरी हवी, सवलत उघड हवी

घरपट्टीचं बिल आलं की आपण शेवटची रक्कम पाहतो आणि कुरकुरतो. खरा वाद मात्र त्या रकमेच्या आधीच्या आकड्याचा असतो : हे घर केवढ्याचं धरायचं? मुंबईसाठी 1888 च्या महापालिका कायद्यानं याचं सुटसुटीत उत्तर दिलं होतं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब तोच. पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. 1979 मध्ये दिल्लीतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कायद्यानं जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त धरून कर लावता येणार नाही. तर्कात खोट नव्हती. पण गिरगाव-कुलाब्यातल्या जुन्या इमारतींचा कर जुन्या भाड्यालाच चिकटून राहिला आणि उपनगरात नव्यानं बांधलेल्या, त्यांच्याहून स्वस्त सदनिकेला चौरस फुटामागे जास्त घरपट्टी बसू लागली. भाडेकरूला दिलेलं संरक्षण कराच्या मोजणीत शिरलं आणि कुठल्याही सभागृहानं मंजूर न केलेली सवलत जुन्या भागाला मिळत राहिली. बोजा कुणावर सरकला, हे बिलावर कुठंच दिसत नव्हतं. म्हणून मला वाटतं, मूल्य खरं धरावं आणि सवलत द्यायची ती दरात, सगळ्यांना दिसेल अशी द्यावी.

एप्रिल 2010 पासून मुंबईनं भांडवली मूल्याची पद्धत धरली ती याच दिशेनं. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला जागेचा दर, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय यांवरून मूल्य निघतं. यावर नेहमीचा आक्षेप असा : घर विकायचंच नाही, पेन्शन वाढत नाही, मग कागदावर फुगलेल्या किमतीवर कर का भरायचा? काळजी रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय मूल्य खोटं धरणं हा नव्हे. पहिल्या पाच वर्षांत निवासी इमारतींचा कर आधीच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, असा बांध कायद्यातच घातला होता. असे बांध आणखीही घालता येतात. दुसरा आक्षेप पालिकेच्या हव्यासाचा. तोही पोकळ नाही, कारण जमिनीवर पुढे किती बांधता येईल, त्याचीही किंमत नियमांनी धरली होती. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्दबातल ठरवले : मूल्य आजच्या स्थितीचं, उद्याच्या शक्यतेचं नव्हे. नियम लेखी होता म्हणून त्याला आव्हान देता आलं. गोठलेल्या भाड्यातल्या सवलतीला उपनगरातला करदाता कुठं आव्हान देणार होता?

1 जानेवारी 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. ही सवलत निदान चारचौघांत दिली गेली. तिचं माप मात्र चुकलं. मलबार हिलवरच्या 490 फुटांच्या सदनिकेला माफी आणि दहिसरच्या 520 फुटांच्या घराला पूर्ण कर, असा हा हिशेब. घराघराचं भांडवली मूल्य पालिकेच्या दप्तरात आहेच. माफीची रेघ चौरस फुटांऐवजी त्या मूल्यावर ओढली, तर दहिसरचं घर सुटेल आणि मलबार हिलचं सुटणार नाही.