पीकसंरक्षणार्थ हरिणहत्या

पीकसंरक्षणार्थ हरिणहत्या : उभ्या पिकांची नासाडी करणाऱ्या हरणांना शासकीय अनुज्ञेने मारून त्यांची संख्या कमी करण्याचा उपाय. हरणांचा वावर एका शेताच्या बांधापुरता मर्यादित नसतो. त्यामुळे एका जमिनीवरील हत्येचा परिणाम शेजारच्या जमिनीवरील पिकांवर आणि शिकार वैध असलेल्या देशांत तेथील शिकारीवरही होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांपासून पिकांना उपद्रव झाल्यास शेतकऱ्यास शिकारीच्या हंगामाबाहेरही ठराविक हरणे मारण्याचा परवाना मिळतो. या हरणांच्या माद्या बहुधा आईच्या वावरक्षेत्रालगतच राहतात, तर तरुण नर पुष्कळदा काही किमी. दूर जातात. म्हणून एका शेतात माद्या मारल्यास तेथील कळप विरळ होतो व ती उणीव लवकर भरून येत नाही. तोच कळप शेजारच्या रानातही चरत असल्याने तेथील शिकाऱ्यास हंगामात सावज कमी आढळते. उलट, ज्या जमिनीवर शिकार होत नाही, तेथे हरणे आश्रय घेतात व रात्री लगतच्या पिकांत उतरतात.

महाराष्ट्रात प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पठारी भागात, पारनेर तालुक्यातील सुप्यापासून कर्जतपर्यंत, ज्वारी, बाजरी, हरभरा ही कोरडवाहू पिके घेतात. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौ. किमी. असल्याने कळप भोवतालच्या शेतांतही चरतात. काळवीट हा शास्त्रीय दृष्ट्या कुरंग असला, तरी लोकव्यवहारात त्यास हरीणच म्हणतात.

एके काळी काळवीट हे फासेपारध्यांचे व संस्थानिकांचे सावज होते. कोल्हापूर संस्थानात शिकविलेल्या चित्त्यांकरवी त्याची शिकार होई. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो पहिल्या अनुसूचीत आहे. मानवी जीवितास धोका असल्यास किंवा प्राणी बरा न होण्याइतका विकल वा रोगग्रस्त असल्यासच त्यास मारण्याची अनुज्ञा मिळते. पिकांची हानी हे पुरेसे कारण ठरत नाही. नीलगाय, रानडुक्कर यांसारख्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत मात्र त्या कारणास्तव लेखी अनुज्ञा देता येते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकार संपुष्टात आली. तसेच अनुज्ञेने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो.

परिणामी येथे शेजाऱ्याची शिकार हिरावली जात नाही. त्याच्या वाट्याला येतो तो उपद्रवच. रात्रभर राखण करणारा शेतकरी कळप हुसकावतो आणि तो कळप राखण न परवडणाऱ्याच्या पिकात शिरतो. कुंपणात थेट वीजवाहिनीचा प्रवाह सोडणे बेकायदेशीर असून ते माणसांच्याही जिवावर बेतते. हरणांपासून झालेल्या पीकहानीबद्दल शासन भरपाई देते. तथापि एकेका शेताऐवजी लगतच्या सर्व जमिनींचा एकत्र विचार करून राखण, कुंपण व गायरानांची जपणूक केल्यासच उपद्रवाचे हे स्थलांतर थांबू शकते.